डब्यातली ताकद

"रात्रपाळी करणाऱ्यांना या चाचणीत घेता यायचं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मी वर केलेला हात वरच राहिला.

रविवारची सकाळ होती. जयसिंगपुरात लाकडाच्या वखारीच्या माडीवर रावसाहेब नलवड्यांची जिम होती. खाली करवत चालू झाली की वर आमच्या प्लेटा थरथरायच्या आणि घामाच्या वासात सागवानाच्या भुशाचा वास मिसळायचा. त्या दिवशी करवत बंद होती. आम्ही सगळे फरशीवर मांडी घालून बसलो होतो आणि समोर, बार ठेवायच्या घोडीला टेकून, डॉक्टर मंजिरी हेरवाडे उभ्या होत्या. मिरजेच्या एका मेडिकल कॉलेजात त्या शिकवायच्या. माहेर कुरुंदवाडचं, त्यामुळे बोलणं आमच्यातलंच. तरी एका बाईनं येऊन आम्हा बाप्यांना पुरुषांच्या हार्मोनबद्दल सांगायचं म्हणजे पोरं खाली बघून हसत होती.

बाईंनी हसू दिलं. मग सांगायला लागल्या. प्रथिनं ज्या विटांची बनतात त्या विटांना अमिनो आम्लं म्हणतात. त्यातल्याच एकाचं आरशातल्यासारखं उलटं रूप, डी-अस्पार्टिक नावाचं आम्ल, दुकानातून डब्यात भरून विकलं जातं आणि ते प्यायल्यानं पुरुषांचं हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, वाढतं असं डब्यावर छापलेलं असतं. बाहेरच्या देशात थोड्या माणसांवर एक चाचणी झाली, त्यात ते वाढलेलं दिसलं. पुढं वजनं उचलणाऱ्या माणसांवर चाचण्या झाल्या, त्यात वाढलेलं दिसलं नाही. आपल्याकडच्या, आपलं जेवण जेवणाऱ्या माणसांत काय होतं ते त्यांना बघायचं होतं. निम्म्यांना खरी पावडर मिळणार आणि निम्म्यांना कोरी. कोरी म्हणजे जिच्यात औषध काहीच नाही. रंग तोच, आंबट चव तीच, डबाही तसाच. कोणाला कुठली दिली ते आम्हालाही कळणार नाही आणि त्यांनाही नाही. त्याची किल्ली, म्हणजे कोणाला काय दिलं त्याची यादी, कॉलेजातल्या दुसऱ्याच एका प्राध्यापकांकडं राहणार.

सलीम मुजावर माझ्या शेजारी बसला होता. आम्ही मिसरूड फुटल्यापासून एकत्र व्यायाम करत आलो. तो म्हणाला, "मॅडम, आम्हाला ठावं न्हाई, तुम्हाला ठावं न्हाई, मग ह्यात शाणं कोण?"

सगळे हसले. बाईही हसल्या.

"म्हणूनच तर खरं कळतं, भाऊ. तुम्हाला कळलं तर तुमचं मन वजन उचलणार. मला कळलं तर माझा डोळा फसणार."

नंतर त्यांनी अटी सांगितल्या. दारू नाही, दुसरी कुठलीही पावडर नाही, जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा ठरलेल्या. आणि रात्रपाळी नाही. मी सूतगिरणीत फिटर. कित्येक वर्षं रात्रपाळीच करत होतो. भत्ता मिळायचा आणि दिवसा जिमला वेळ मिळायचा, म्हणून मीच ती मागून घेतली होती.

बैठक मोडल्यावर मी बाईंना जिन्यात गाठलं आणि पाळी बदलून घेतली तर चालेल का, असं विचारलं. त्यांनी माझ्याकडं जरा निरखून बघितलं. चालेल म्हणाल्या, पण एवढी घाई का, असंही विचारलं. मी म्हणालो, विज्ञानाला मदत. खरं कारण मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

कारण असं होतं. आदल्या वर्षी मी चाळिशी ओलांडली आणि पॉवरलिफ्टिंगच्या मास्टर्स गटात गेलो. चाळिशीपुढच्यांचा तो गट. राज्य स्पर्धा नाशिकला होती आणि भरतेश मगदूम, म्हणजे मी, पदक आणणार हे आमच्या जिममध्ये ठरूनच गेलं होतं. पहिल्या दोन प्रकारांत मी पुढं होतो. शेवटी डेडलिफ्ट. जमिनीवरचा बार उचलायचा आणि ताठ उभं राहायचं, एवढंच त्यात असतं. तीन संधी मिळतात. मला एकदाही ताठ उभं राहता आलं नाही. दोनदा बार गुडघ्यापाशी अडला आणि तिसऱ्यांदा तर जमिनीवरून हललाच नाही. एका प्रकारात तिन्ही संधी गेल्या की सगळीच बेरीज शून्य धरतात. जे वजन मी घरच्या जिममध्ये सहज उचलत होतो तेच हे.

परत आल्यावर मी सांगलीला जाऊन गुपचूप रक्त तपासून घेतलं. टेस्टोस्टेरॉनचा आकडा चालतो म्हणतात त्याच्या अगदी काठावर आला होता. तिथला माणूस म्हणाला, वयाप्रमाणे होतं. त्याच्या तोंडी ते सहज वाक्य होतं. मी ते गोळी लागल्यासारखं ऐकलं. त्या दिवसापासून मी स्वतःकडं ओसरत चाललेला माणूस म्हणून बघायला लागलो. चिडचिड वाढली. माझी बायको राजमती काही बोलायला आली की मी थकलोय म्हणून भिंतीकडं तोंड करायचो. तिनं कारण विचारलं नाही, आणि तिनं विचारलं नाही याचाही मला राग यायचा.

रावसाहेबांनी काही महिन्यांपासून ते डबे विकायला ठेवले होते. रावसाहेब आमच्याहून वयानं मोठे, एकेकाळचे कुस्तीगीर, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. चाळिशीची पंचविशी करणारा डबा म्हणून ते त्याचं कौतुक सांगायचे. मी घेणारच होतो, तेवढ्यात ही चाचणी आली. चाचणीला जागा द्यायला अण्णा एका पायावर तयार झाले. डॉक्टरनं शिक्का मारला की सांगली-कोल्हापुरात डबा कमी पडेल, असा त्यांचा हिशेब. जे निघेल ते आपण तोंडावर सांगणार, असं बाईंनी त्यांना आधीच बजावलं होतं.

गिरणीच्या मॅनेजरला मी आठवडाभर हात जोडले. शेवटी एका नव्या मुलाशी माझी पाळी बदलून मिळाली आणि मी दिवसपाळीला आलो. भत्ता जाणार हे राजमतीला भीत भीत सांगितलं. तिनं फक्त एवढंच विचारलं, "म्हंजे रात्री घरात?"

"होय."

"मग जाऊ दे की भत्ता."

रक्त देऊन झालं, डबे वाटले गेले. रोज सकाळी ती पांढरी पावडर पाण्यात ढवळून प्यायची. चिंचोके वाटून लिंबात कालवल्यासारखी चव. पहिल्याच आठवड्यात मला कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटायला लागल्या. सलीमला म्हणालो, माझ्या डब्यात खरा माल आहे. त्यानं नाक मुरडलं. त्याला म्हणे काहीच होत नव्हतं, उलट पोटात आंबट ढेकर. आपल्या नशिबी कोरी आली, असं त्यानं पहिल्या पंधरवड्यातच जाहीर करून टाकलं.

मग माझी वजनं वाढायला लागली. आधी थोडी, मग भराभर. पूर्वी तिसऱ्या सेटला डोळ्यांपुढं काजवे चमकायचे ते थांबलं. बार मांडीपर्यंत आला की पुढचं काम सोपं वाटायला लागलं. अंगात रग आली. मॅनेजरशी बोलताना आवाज बदलला. जिम सकाळी पाळीच्या आधीच उरकायची आणि संध्याकाळी दिवस असतानाच घरी पोचायचो. राजमती जैनांच्या रीतीनं सूर्य मावळायच्या आत जेवणारी. पूर्वी त्या वेळी मी जिममध्ये असायचो, त्यामुळं लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमचं ताट सणावारीच एकत्र पडायचं. आता रोज पडायला लागलं. जेवताना ती गल्लीतल्या गमती सांगायची आणि मला हसू यायचं. रात्री भिंतीकडं तोंड करायचं मी विसरून गेलो. ह्याबद्दल याहून जास्त सांगायचं नाही, पण एके दिवशी सकाळी चहा देताना तिच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मी बघितल्या आणि मनातल्या मनात त्या डब्याला हात जोडले.

अण्णांना तर मी म्हणजे चालतीबोलती जाहिरात झालो. त्यांनी माझा फोटो काढून मोठा बॅनर छापला. मी दंड फुगवून उभा, हातात डबा, खाली मोठ्या अक्षरात 'वय विसरा'. बाईंच्या कानावर गेल्यावर त्या अण्णांवर चिडल्या. निकाल लागायच्या आधी कोणाच्या डब्यात काय आहे हे देवालाही सांगता यायचं नाही, असं म्हणाल्या. अण्णांनी निकाल लागेपर्यंत बॅनर गुंडाळून ठेवायचं कबूल केलं.

राज्य स्पर्धा त्या वर्षी साताऱ्याला होती. चाचणी संपली, शेवटचं रक्त दिलं, आणि स्पर्धेच्या आदल्या रविवारी बाई निकाल सांगायला आल्या. आम्ही पुन्हा तसेच फरशीवर बसलो. मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. आपलं नाव निघणार याची मला इतकी खात्री होती.

बाईंनी घुमवून फिरवून सांगितलं नाही. खरी पावडर प्यालेल्यांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये आणि कोरी प्यालेल्यांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये काही फरक निघाला नव्हता. काहींचा आकडा वर गेला होता, काहींचा खाली आला होता, पण तो दोन्हीकडं सारखाच. ताकद दोन्ही गटांत वाढली होती, कारण सगळ्यांनी नेमानं व्यायाम केला होता. "आपली चाचणी लहान आहे," त्या म्हणाल्या. "एवढ्यावरून साऱ्या जगाचं सांगायचं नाही. पण ह्या जिममध्ये, तुमच्यात, ह्या पावडरनं काही केलेलं दिसत नाही."

अण्णा खुर्चीत पुढं सरकले. "आणि आमचा भरतेश? त्यो काय दिसत न्हाई व्हय तुम्हाला?"

कोणाचा डबा कुठला ते त्या ज्याचं त्याला बाजूला घेऊन सांगणार होत्या. तसं त्यांनी मला सुचवलंही. मी म्हणालो, इथंच सांगा, सगळ्यांच्या देखत. त्यांनी हातातल्या कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. पुन्हा एकदा विचारलं, नक्की ना. मी मान हलवली.

"कोरी," त्या म्हणाल्या.

माझ्या कानांच्या पाळ्या खरंच गरम झाल्या. सलीमनं न राहवून स्वतःचं विचारलं. त्याला खरी होती. इतके दिवस खरा माल पिऊन तो आंबट ढेकर देत राहिला आणि मी पिठूळ पाणी पिऊन वय विसरलो. कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळे हसले. सलीम मात्र हसला नाही. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

बाईंनी मला जिन्यात थांबवलं. म्हणाल्या, "तुमचा आकडा वाढलाय, मगदूम. काठावरून चांगला वर आलाय. ते खोटं नाही."

"मग कशानं?"

"एका माणसावरून मला सांगता येत नाही. पण तुम्ही रात्रपाळी सोडलीत. शरीर हे हार्मोन जास्त करून झोपेत तयार करतं. पहिल्यांदा रक्त दिलंत तेव्हा पाळी नुकतीच बदलली होती, डोळे लाल होते तुमचे. हे मी सिद्ध करू शकत नाही. पण पैज लावायची तर यावर लावीन."

त्या काय म्हणतायत ते मला कळत होतं, पण कानाच्या आत शिरत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की सगळ्यांच्या देखत मी उघडा पडलो. ज्या ताकदीवर छाती काढून फिरत होतो ती डब्यात नव्हती. मग पुढच्या रविवारी साताऱ्यात ती माझ्यात असेल कशावरून? खाली उतरलो तर अण्णा वखारीच्या दारात उभे होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. माल भरून ठेवलाय, साताऱ्यात हॉलच्या बाहेर टेबल लावायचं ठरलंय, बॅनर तयार आहे. "कोरी हुती हे आपल्या-आपल्यात ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तू नुसतं उचल आणि डबा दाखव." मी हो म्हणालो नाही आणि नाही पण म्हणालो नाही. ज्यांनी मला बार धरायला शिकवलं त्यांना तोंडावर नाही म्हणायची सवय नव्हती.

दोन दिवस जिमला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवताना राजमतीला सांगितलं, साताऱ्याला जात नाही. मग सगळंच सांगितलं. नाशिक, सांगलीचं रक्त, काठावरचा आकडा, कोरी पावडर. ती हातातला घास हातात धरून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं तो घास खाल्ला, पाणी प्यायली आणि ताट सरकवलं.

"मला वाटत हुतं तुम्हाला मी नको झाले," ती म्हणाली.

एवढ्या दिवसांत माझ्या डोक्यात माझंच रक्त घुमत होतं. पलीकडच्या कुशीवरचं माणूस काय समजत असेल हे कधी आलंच नव्हतं. मी तसं काही नाही म्हणालो, दोनदा म्हणालो. तिनं डोळे पुसले आणि मग तिचा आवाज एकदम नेहमीसारखा झाला.

"आता माझं ऐकून घ्या. तुम्ही सकाळी गिरणीतनं यायचासा तर तोंडावर राख फासल्यागत दिसायचासा. दिवसा झोपायचं म्हटलं तर शेजारचा माग, दारात भाजीवाला, दोन तासांत उठून बसायचासा. तसंच उठून जिमला. नाशिकला जायच्या आदल्या रात्रीपण पाळी केली हुतीसा. आठवतंय? मी नको म्हटलं तर अंगावर आलासा. आणि पाळी बदलल्यावर पहिल्या आठवड्यात तुम्ही जे घोरलासा, मला वाटलं माणूस कित्येक वर्षांची झोप फेडालाय. तुम्हाला डब्याचं कौतुक हुतं, मी कशाला मधी बोलू? हसत हुतासा एवढं बास हुतं मला."

"पण लोक आता—"

"लोकांचं ऱ्हाऊ द्या. ते वजन डब्यानं उचललं का तुम्ही? डब्याला हात हाईत का?" आणि ताटं उचलता उचलता म्हणाली, "मी पण येणार साताऱ्याला. मी कधी बघितलंच न्हाई तुम्ही काय करतासा ते."

साताऱ्याला आम्ही सलीमच्या भावाच्या टेम्पोतून गेलो, अण्णाही डबे घेऊन त्यातच. हॉलच्या दारात अण्णांचं टेबल लागलं होतं. डब्यांचे मनोरे, आणि मागं तो बॅनर. राजमतीनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

माझ्या गटात अमरावतीचे एक पी.टी.चे मास्तर होते. उंच, शांत माणूस. आदल्या वर्षीचं सुवर्ण त्यांचंच. पहिल्या दोन प्रकारांत ते माझ्या पुढं गेले, फार नाही, पण गेले. डेडलिफ्टला बार मांडला तेव्हा माझ्या तळव्यांना घाम सुटला. सलीमनं माझ्या हातांना खडूची पूड चोळली आणि नेहमीसारखी चेष्टा न करता म्हणाला, पहिली सोपी मागितलीय, नुसता उभा राहा.

उभा राहिलो. तिन्ही पंचांचे दिवे पांढरे, म्हणजे उचल मान्य. नाशिकला जे तीनदा झालं नाही ते एका झटक्यात झालं होतं. दुसरी मारली, तीही पांढरी. अमरावतीच्या मास्तरांनी आपली तिसरी उचलली आणि हॉल टाळ्यांनी भरला. सलीम कागदावर बेरीज करून आला. त्यांना मागं टाकायला मला सव्वादोनशे किलो लागत होतं. जिममध्ये मी दोनशे पंधराच्या पुढं कधी गेलो नव्हतो. रौप्य पक्कं होतं. सलीम म्हणाला, दोनशे वीस मागू, नाव राहील, रौप्य तर हायच.

मी प्रेक्षकांत बघितलं. राजमती दुसऱ्या रांगेत बसली होती. तिला बेरीज कळत नव्हती. ती नुसती मी कुठं आहे तेवढं बघत होती.

"सव्वादोनशे सांग," मी म्हणालो.

बारपाशी गेलो तेव्हा मी एक गोष्ट केली, जी आजवर कधी केली नव्हती. अंगात काय आहे ते शोधलं नाही. कान गरम झालेत का, छाती भरलीय का, काही चाचपून बघितलं नाही. वाकलो, धरला आणि ओढला. जमिनीवरून निघाला तो हळू निघाला. गुडघ्यापाशी आला आणि थांबला. नाशिकला इथंच सुटला होता. हॉलमध्ये कोणीतरी ओरडत होतं, बहुतेक अण्णा. माझ्या पाठीचा एकेक मणका मला वेगळा जाणवत होता. आणि मग त्या थांबलेल्या जागीच मला कळलं की अजून आहे. कुठून येतंय ते ठाऊक नाही, पण आहे. बार मांडीवर चढला, कंबर पुढं आली, खांदे मागं गेले. पंचांनी हात खाली केला आणि मी बार खाली ठेवला.

तीन पांढरे.

सलीमनं मला मिठी मारली ती इतकी जोरात की सव्वादोनशेपेक्षा ती जड गेली. अमरावतीचे मास्तर स्वतः चालत आले आणि माझा हात धरून म्हणाले, असा डेडलिफ्ट बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. मग व्यासपीठ, पदक, आणि माझ्या पुढ्यात माइक. निवेदकानं विचारलं, एक्केचाळिसाव्या वर्षी एवढी ताकद, ह्याचं रहस्य काय? खाली अण्णा डबा हातात घेऊन उभे होते. त्यांनी तो छातीपाशी धरला आणि मला खूण केली. दारातून तो बॅनर दिसत होता.

वजन उचलताना नव्हती एवढी भीती वाटली.

"बाहेर माझा फोटो लागलाय," मी म्हणालो. "त्यात माझ्या हातात डबा आहे. मी तीन महिने डबा प्यालो हे खरं आहे. पण डॉक्टरांची चाचणी होती, आणि माझ्या डब्यात कोरी पावडर निघाली. पीठ आणि आंबटपणा. खरी ज्यांनी प्याली त्यांनाही काही जास्तीचं मिळालं नाही. तेव्हा माझा फोटो बघून कोणी तो डबा घेऊ नका."

निवेदक गोंधळला. कार्यक्रम पुढं न्यायचा म्हणून त्यानं घाईनं विचारलं, "मग हे वजन उचललंत कशाच्या जोरावर?"

"झोपेच्या," मी म्हणालो. "मी रात्रपाळी सोडली. रात्री घरी झोपतो."

आधी कोणीतरी हसलं, मग सगळा हॉल हसला आणि हसता हसता टाळ्या वाजायला लागल्या. ते हसणं जिममधल्यासारखं नव्हतं. दुसऱ्या रांगेत राजमतीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. अण्णा तिथं नव्हते.

बाहेर आलो तेव्हा टेबल मोकळं होतं आणि बॅनर उतरवून टेम्पोत टाकलेला होता. अण्णा पुढच्या सीटवर बसले होते. कराडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मागं आम्हीही गप्प. सुवर्णपदक जिंकून येणाऱ्या माणसांची अशी शांतता मी बघितली नाही. कराडच्या पुढं एका टपरीवर चहाला थांबलो. अण्णा कप घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मला वाटलं, आता ऐकून घ्यायचं.

"वरीस झालं," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"मी बी पितोय त्यो डबा. वरीस झालं. रोज सकाळी, बायकोच्या चोरून." त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "घंटा काय फरक न्हाई पडला, भरतेश. पण इकायला बसलोय म्हटल्यावर सांगू कुणाला? आज तू बोललास आणि माझ्याच मानेवरचा दगड उतरल्यागत झालं."

सलीमच्या तोंडातला चहा उडाला. अण्णांनी त्याच्याकडं डोळे वटारून बघितलं, पण त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. त्यांचं ते मोठं पोट हलायला लागलं आणि मग आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभं राहून, ट्रक थांबून बघतील इतके हसलो. उरलेले डबे त्यांनी दुसऱ्याच दिवशी व्यापाऱ्याला परत धाडले. हेरवाडेबाईंनी पुढं दोन चाचण्या केल्या, दोन्ही अण्णांच्याच जिममध्ये.

कराड सोडल्यावर राजमतीनं माझ्या गळ्यातलं पदक काढून आपल्या हातात घेतलं. उलटं करून बघितलं, तळहातावर तोलून बघितलं. टेम्पोच्या आवाजात ऐकू यावं म्हणून माझ्या कानाशी आली.

"सव्वादोनशे म्हंजे लई असतंय?"

"माझ्या वयात लई."

"पुढच्या वर्षी किती उचलणार?"

मी थोडा विचार केला. शक्य तेवढं मोठं सांगितलं. "दोनशे पस्तीस."

तिनं पदक आपल्या पिशवीत घातलं, पिशवीची चेन लावली आणि बाहेर बघत म्हणाली, "कमी वाटतंय."